गोफण आणि हातोडा

ज्या खेळास आपल्याकडे ‘हातोडाफेक’ म्हणतात त्यात हातोडा शोधू गेल्यास सापडत नाही. धातूचा एक गोळा, त्यास जोडलेली पोलादी तार आणि तारेच्या शेवटी दोन्ही हातांनी धरावयाची मूठ, एवढेच काय ते साहित्य. पुरुषांच्या स्पर्धेत या सर्वांचे मिळून वजन ७.२६० किलो, म्हणजे जुन्या मापाने सोळा पौंड, आणि लांबी सुमारे चार फूट असते. पूर्वी स्कॉटलंड व आयर्लंड येथील खेड्यापाड्यांत लोहाराचा घण दांड्यासकट भिरकावून देण्याची चुरस लागे. पुढे घण गेला, दांडा गेला, नाव मात्र राहिले. ज्याने संस्कृताचे अध्यापन करण्यात हयात घालविली त्यास हा प्रकार नवा नाही. ‘कुशल’ म्हणजे मूळचा दर्भ आणणारा. बोट कापून न घेता दर्भ खुडणे हे चतुराईचे काम, म्हणून तो शब्द चतुर माणसास लागला. आज स्वतःस कुशल म्हणविणाऱ्यांपैकी किती जणांनी दर्भ पाहिला असेल, हे न विचारणेच बरे.

आम्ही हा खेळ प्रथम पाहिला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे जी वस्तू उभी राहिली ती हातोडा नव्हे, गोफण. एरंडोल तालुक्यात आमच्या घराची थोडी जमीन आहे. आमच्या लहानपणी तेथे ज्वारीचे कणीस भरू लागले की सालदार माळ्यावर चढून उभा राही आणि डोक्याभोवती गोफण फिरवून राघूंचे व भोरड्यांचे थवे उठवी. गोफणीची एक दोरी बोटात अडकविलेली, दुसरी चिमटीत धरलेली. चिमटी सुटली की गुंडा सुटला. सारे कसब त्या एका क्षणात. क्षणभर आधी सोडाल तर गुंडा एका बाजूस, क्षणभर मागाहून सोडाल तर दुसऱ्या बाजूस, आणि फारच चुकलात तर शेजारच्याच्या बैलाच्या कपाळी! आता खानदेशात कपाशीने व केळीने ज्वारीची जागा बळकाविली आहे आणि गोफण विणता येणारी माणसे विरळ झाली आहेत. शब्द मात्र फार जुना. सुश्रुताने जखम बांधण्याचे जे चौदा बंध सांगितले आहेत त्यांपैकी एकाचे नाव ‘गोफणा’ असे आहे. हनुवटीसारख्या अवयवास बांधावयाची खोलगट पट्टी दिसतेही गोफणीसारखीच. कोशकारांनी ‘भिन्दिपाल’ या शस्त्राचाही एक अर्थ गोफण असा दिला आहे. तात्पर्य, दोरीच्या टोकास वजन बांधून ते भोवती फिरवावे व सोडून द्यावे, ही युक्ती आपणांस परकी नव्हे. फरक इतकाच की गोफणवाला स्थिर उभा राहून गोफण फिरवितो आणि हातोडावाला गोळ्यासह स्वतःच फिरतो.

आता हा विषय आमच्या घरात कसा शिरला ते सांगावयास हवे, कारण त्यावरून घरात जो वाद झाला तो वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी या ना त्या रूपाने होत असेल.

२०२५ च्या सप्टेंबरात टोकियो येथे जागतिक अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. आमच्या घरच्या मंडळींचे लक्ष अर्थातच नीरज चोप्रा यांच्या भाल्याकडे. परंतु १६ तारखेस, भर पितृपक्षात, श्राद्धाची जेवणे आटोपून मोठी माणसे कलंडली असता आमच्या पुतण्याचा मुलगा, वय वर्षे सोळा, एकटाच दूरचित्रवाणीपुढे जाऊन बसला. तेथे पुरुषांच्या हातोडाफेकीची अंतिम फेरी चालू होती. तीत भारतीय कोणी नव्हता. तेवीस वर्षांचा ईथन कॅट्झबर्ग नावाचा कॅनडाचा एक उंचनिंच पोरगा वर्तुळात आला, डोक्यावरून गोळा फिरविला, चार गिरक्या घेतल्या आणि गोळा ८४.७० मीटरांवर नेऊन टाकला. या गृहस्थाने २०२३ साली बुडापेस्ट येथे, वयाच्या एकविसाव्या वर्षी, जगज्जेतेपद मिळविले होते आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकात ८४.१२ मीटरांवर सुवर्णपदक घेतले होते. दुसरा आलेला जर्मनीचा मेर्लिन हुमेल हा जवळजवळ दोन मीटर मागे होता. आमचा नातू उठला, आमच्याकडे आला आणि म्हणाला, “अण्णा आजोबा, मी हे शिकणार आहे. सरांनी मला पाच किलोचा देऊन पाहिला. माझा पाय बरोबर फिरतो म्हणाले.”

मुलगा अंगाने दणकट आहे, हे आम्हांस ठाऊक होते. सुट्टीत शेतावर जाऊन सालदाराच्या म्हाताऱ्या बापाकडून तो गोफण शिकला, हेही ठाऊक होते. पाय फिरण्याचे मात्र ते प्रथमच ऐकले.

रात्री ओसरीवर बैठक बसली. आमचे धाकटे बंधू आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासीत आले. त्यांनी पहिला आक्षेप घेतला. “अण्णा, आपल्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी घण उचलला नाही. मल्लखांब म्हणाल तर समजू, बुद्धिबळ म्हणाल तर आनंदच आहे. हे काय खूळ?” या आक्षेपाचा आम्ही फारसा विचार केला नाही. ज्या धुळे शहरी आमचे बालपण गेले तेथे शंकरराव देवांनी समर्थ संप्रदायाची जुनी बाडे गावोगावहून मिळवून समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केली. ती बाडे ज्यांची, त्या समर्थांनी बलोपासना कोणत्या जातीस वर्ज्य सांगितली आहे, हे आमच्या बंधूंनी आम्हांस दाखवावे. शिवाय या खेळाचा इतिहास पाहिला तर त्यात सर्व प्रकारचे लोक आढळतात. १९००, १९०४ व १९०८ अशी तीन ऑलिंपिके लागोपाठ जिंकणारा जॉन फ्लॅनगन हा न्यूयॉर्कचा पोलीस होता. स्वतंत्र आयर्लंडला १९२८ साली पहिले सुवर्णपदक मिळवून देणारा पॅट ओ’कॅलहन हा डॉक्टर होता. आणि आपल्याकडे? दूरदर्शनवर १९८८ पासून १९९० पर्यंत दर रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारे महाभारत लागे, त्यातील भीम आमच्या पिढीस पाठ आहे. ते प्रवीणकुमार सोबती १९६६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत किंग्स्टन येथे हातोडाफेकीचे रौप्यपदक मिळवून आले होते आणि त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत थाळीफेकीचे सुवर्ण व हातोडाफेकीचे कांस्य त्यांनी घेतले होते. आम्ही सर्वांनी त्यांची रंगविलेली गदा पाहिली. खरी गदा कोणती होती ते कोणी विचारले नाही. हे ऐकून बंधू थोडे नरमले. भीमाचे नाव निघाल्यावर आमच्या घरात कोणीही नरमतो.

दुसरा आक्षेप मुलाच्या वडिलांचा. मुलगा अकरावीत आहे. अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा दोन वर्षांवर, शिकवणीची फी भरून झालेली. “खेळाचे सवलतीचे गुण मिळतील तेवढ्यापुरते खेळू दे,” असा मधला मार्ग त्याने काढला. आम्हांस हा मार्ग मुळीच आवडला नाही. गुण पदरात पाडण्यापुरते खेळणे म्हणजे दक्षिणेपुरता मंत्र म्हणणे. त्यापेक्षा मुळीच न खेळलेले चांगले. आम्ही पुतण्यास सांगली जिल्ह्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांचे उदाहरण दिले. लहानपणी झालेल्या अपघातात त्यांचा एक हात अधू झाला. ते यंत्र-अभियांत्रिकी शिकले, स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांस शिकवू लागले, आणि २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेऊन आले. विद्या व गोळा यांचे वैर असते तर हे कसे घडले असते? पैशाची गोष्ट निघाली तेव्हा आम्ही एवढेच म्हटले की खाशाबा जाधवांस १९५२ साली हेल्सिंकीस जाता यावे म्हणून राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. ते खाशाबांचे ना काका ना मामा. येथे तर बापाने केवळ रविवार द्यावयाचा आहे.

हा युक्तिवाद करताना आम्ही मुलास आशेच्या घोड्यावर बसविले नाही, हेही नमूद करतो. या खेळात भारताचा राष्ट्रीय विक्रम सत्तर मीटरांच्या आसपास घुटमळतो आणि जगातील पहिल्या प्रतीचे लोक ऐंशीच्या पुढे जातात. दहा-बारा मीटरांची ही दरी एका उत्साही मुलाने भरून निघणारी नव्हे. तो म्हणाला, “मला ठाऊक आहे आजोबा. मला तो कसा सुटतो ते कळायला हवे आहे.” ज्या शिक्षकाने तीस-पस्तीस वर्षे परीक्षेत काय येणार एवढेच विचारणारी मुले पाहिली, त्यास हे वाक्य किती गोड लागले असेल याची कल्पना वाचकांतील शिक्षकांनी करावी.

तो कसा सुटतो, हे समजून घेण्यासारखे आहे खरे. वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर, म्हणजे सात फूट. आपल्या माजघरातील सतरंजीएवढी जागा. तीत उभा राहून फेकणारा आधी गोळा डोक्यावरून दोन-तीन वेळा फिरवितो. मग डाव्या पायाची टाच व चवडा यांवर आळीपाळीने तोल देत तीन किंवा चार गिरक्या घेत पुढे सरकतो. गोळा बाहेर ओढतो, माणूस उलट्या दिशेस रेलतो. दोघांपैकी एकाने जरी कुचराई केली तरी दोघेही आडवे. उत्तम फेकीत गोळा सुटतेवेळी त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांवर असतो. आम्ही व मुलाने पाटीवर हिशेब मांडून पाहिला, तेव्हा हातांवर येणारी ओढ सुमारे साडेतीनशे किलोंची निघाली. खानदेशातील वाचकांस सांगावयाचे तर रुईची एक गाठ एकशे सत्तर किलोंची धरतात. तशा दोन गाठी मुठीतून निसटू पाहत आहेत, असे समजावे. आणि हे सर्व दोन-चार सेकंदांत. वर्तुळाच्या कडीवर पाय पडला की फेक बाद. सुमारे पस्तीस अंशांच्या पाचरीबाहेर गोळा पडला तरी बाद. केवळ बळाचे येथे काम नाही, तालाचे आहे. पोलंडचा पावेल फायदेक पाच वेळा जगज्जेता झाला, पण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकात प्राथमिक फेरीतील त्याच्या तिन्ही फेकी बाद ठरल्या आणि २०१६ साली रिओ येथेही तो अंतिम फेरी गाठू शकला नाही. बळ तेच, वर्तुळ तेवढेच.

मुलाने आम्हांस एक जुने चित्रण पुन्हा पुन्हा दाखविले. ३० ऑगस्ट १९८६, स्टुटगार्ट, युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा. सोव्हिएत संघाचे दोन प्रतिस्पर्धी, युरी सेदिख आणि सर्गेई लित्विनोव. लित्विनोवने ८५.७४ मीटर फेक केली आणि तरी तो दुसरा आला. सेदिखच्या सहा फेकी आम्ही वहीत उतरवून ठेवल्या आहेत: ८३.९४, ८५.२८, ८५.४६, ८६.७४, ८६.६८, ८६.६२. चौथी फेक हा जागतिक विक्रम. जवळजवळ चाळीस वर्षे लोटली तरी तो कोणास मोडता आलेला नाही. आम्हांस मात्र विक्रमाहून शेवटच्या तीन फेकींचे नवल वाटते. त्र्याऐंशी पावले नव्हे, शहाऐंशी मीटरांवर तीन वेळा गोळा टाकावा आणि तिन्हींत वीतभरही अंतर पडू नये! शिवाय बहुतेक लोक चार गिरक्या घेतात, हा तीनच घेई. त्या काळच्या पूर्व युरोपातील खेळाडूंविषयी औषधसेवनाची शंका पुष्कळांनी घेतली आहे. सेदिखवर तसा दोष सिद्ध झालेला नाही, तो २०२१ साली वारला, आणि वादी-प्रतिवादी दोघांच्याही मुखी आता पुरावा उरलेला नाही. मुलाने ही शंका स्वतःहून सांगितली, लपविली नाही, याचे आम्हांस समाधान वाटले.

त्यावरूनच आम्ही त्यास मुरोफुशी पितापुत्रांची हकीकत सांगितली. बाप शिगेनोबु याने १९७० पासून १९८६ पर्यंत लागोपाठ पाच आशियाई स्पर्धांत हातोडाफेकीचे सुवर्ण घेतले. त्यांतील एक १९८२ साली आपल्या दिल्लीत. मुलगा कोजी २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकात दुसरा आला. पहिला आलेला हंगेरीचा अ‍ॅड्रियन अन्नुश याने पुन्हा तपासणीसाठी नमुना देण्याचे नाकारले, तेव्हा त्याचे पदक काढून कोजीस दिले गेले. पत्रकारांनी आनंदाविषयी विचारले असता कोजीने पदकावर कोरलेल्या पिंडार या ग्रीक कवीच्या ओळींकडे बोट दाखविले. त्यांत सत्याचा उल्लेख आहे. जिंकलेला माणूस पदकाच्या पाठीवरील अक्षरे वाचतो, हे आम्हांस फार आवडले.

परंतु खरा आक्षेप अजून यावयाचाच होता, आणि तो सूनबाईंचा. त्या इतका वेळ दारामागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अण्णा, मला पदकाचे काही नाही आणि परीक्षेचेही नाही. तो गोळा कोणाच्या डोक्यात बसला तर?” कोणी काही बोलेना. कारण हे घडलेले आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात केरळातील पाला येथे राज्यस्तरीय कुमार स्पर्धेत मैदानावर स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एका शाळकरी मुलास हातोडा लागला आणि काही दिवसांनी तो रुग्णालयात वारला. एकाच मैदानावर भाला व हातोडा एकाच वेळी चालू होते. सूनबाईंस ही बातमी तपशीलवार ठाऊक होती. “ज्याने फेकला त्याच्या आईचे काय झाले असेल, हे मी तेव्हाही मनात म्हटले होते,” असे त्या म्हणाल्या. आम्ही आजवर ऐकलेल्या आक्षेपांत हा एकच आक्षेप असा होता की ज्यास दाखला देऊन उत्तर नाही. त्यास मैदानावर जाऊनच उत्तर द्यावयास हवे होते.

म्हणून आम्ही गेलो. मुलगा जेथे सराव करावयास जाई ते मैदान कोणते व कोणत्या गावचे, हे लिहिण्याचे कारण नाही. अशी मैदाने पुष्कळ असतील. फक्कीने आखलेले वर्तुळ, खाली उकरलेली माती, पाच किलोचा एक गंजका गोळा. जाळी नाही. नियमाप्रमाणे वर्तुळाभोवती नालाच्या आकाराचा जाळीचा पिंजरा असावा लागतो. त्याची उंची सात मीटरांहून कमी नसावी आणि पुढच्या दोन झडपा दहा मीटर उंच असाव्यात. उजव्या व डाव्या फेकणाऱ्याप्रमाणे त्यांतील एक झडप आत ओढून घ्यावयाची असते. त्या मैदानाच्या एका कडेस वृद्ध गृहस्थ फेऱ्या मारीत होते, दुसऱ्या कडेस लहान मुलांचे क्रिकेट चालले होते. शिकविणारा तरुण सज्जन होता. तो म्हणाला, “काका, मी शिट्टी वाजवतो, मग सगळे थांबतात.” शिट्टी वाजली तेव्हा वृद्ध थांबले. मुले थांबली नाहीत. मुलाच्या हातातील मूठ आम्ही तेथेच सोडविली आणि त्या दिवशी गोळा फेकू दिला नाही. त्याचा चेहरा उतरला. तो वाटेत एक शब्द बोलला नाही.

घरी आल्यावर ठरले ते असे. पिंजऱ्यावाचून गोळा हातात घ्यावयाचा नाही, ही सूनबाईंची अट आणि तीवर घरातील कोणाचेही अपील नाही. मागच्या अंगणातील शहाबादी फरशीवर आमच्या मंडळींनी तांबड्या गेरूने सात फुटी वर्तुळ काढून दिले. त्यात मुलाने रोज पहाटे रिकाम्या हाताने, पुढे केरसुणीचा दांडा धरून, शंभर गिरक्या घ्यावयाच्या. शेजारीण हे पाहून एके दिवशी हळूच विचारून गेली की मुलास कोणी काही केले आहे काय. महिन्यातून दोन रविवार मुलाच्या बापाने त्यास सोबत घेऊन, रेल्वेने अडीच तासांवरच्या दुसऱ्या शहरी, जेथे योग्य पिंजरा आहे तेथे जावयाचे. शिकवणीचा रविवारचा वर्ग बुडेल तो मुलाने सोमवारी रात्री भरून काढावयाचा. आमच्या वाट्यास अर्ज आला. त्या जाळीविना मैदानास पिंजरा बसवावा, निदान सरावाच्या घटकेस दोन्ही बाजूंची ये-जा बंद करावी, असा अर्ज आम्ही फेऱ्या मारणाऱ्या एक्केचाळीस वृद्धांच्या सह्यांनिशी दिला. तो कोणत्या मेजावर आहे, हे दोन महिन्यांत आम्हांस कोणी सांगू शकलेले नाही. तिसरे स्मरणपत्र तयार आहे. सरकारी कागदास उत्तर मिळेपर्यंत लिहीत राहणे हा मास्तरकीतील एकमेव व्यायाम आम्ही नियमाने केलेला आहे.

पहिल्या रविवारी त्या दुसऱ्या शहरी सूनबाई स्वतः गेल्या. आम्हीही बरोबर होतो. त्यांनी पदर खोचून पिंजऱ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली, जाळी ठिकठिकाणी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, एके जागी सुतळीने बांधलेले भोक दिसले तेथे थांबल्या आणि ते तारेने शिवून होईपर्यंत मुलास आत जाऊ दिले नाही. मग तेथील प्रशिक्षकांस विचारले, “दर फेकीला ही झडप कोण ओढून घेतो? त्याचे नाव सांगा आणि आज तो आला आहे ना, ते दाखवा.”

प्रशिक्षकांनी बाकावर बसलेल्या एका मुलीकडे बोट दाखविले. ती स्वतः तीन किलोचा हातोडा फेकणारी होती. सूनबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या, डब्यातील दशमी तिच्या हातावर ठेवली आणि मग आमच्याकडे पाहून मान हलविली. मुलगा आत गेला. पहिली फेक जाळीत गेली. दुसरीही जाळीतच.